एका तंबूएवढी हिरवळ

१

सकाळी मेंढ्यांच्या धारा काढून झाल्या, उलट्या तव्यावरच्या पातळ रोट्या फडक्यात गुंडाळून झाल्या, की तुर्फा ओढणीला हात पुसायची आणि तंबूमागची टेकडी चढायची. टेकडी कसली, काळ्या दगडांचा ढीगच तो. पण फोनला रेंज मिळायची ती तिथेच. एका सपाट दगडावर उभी राहून ती फोन तोंडापुढे धरायची, आणि आभाळातून काढलेलं त्यांच्या मुलखाचं चित्र पडदा सोडावा तसं वरून खाली सावकाश उतरायचं.

नवखा माणूस म्हणाला असता, यात बघायचं काय? सगळं भाजलेल्या विटेच्या रंगाचं, आणि मधेमधे काळं, ते दगडांचं रान. पण हिवाळ्यात पशुखात्यातली रनद नावाची एक मुलगी आली होती. तंबूत बसून चहा पिता पिता तिने तुर्फाला सगळं शिकवलं. उपग्रह वरून फिरतो, थोड्या थोड्या दिवसांनी नवं चित्र पाठवतो. पावसानंतर जिथे गवत फुटलं, तिथे हिरवं दिसतं. चित्र बारीक चौकोनांचं असतं. "एका चौकोनात तुमचा हा अख्खा तंबू मावेल बघ," असं म्हणून रनदने साखरेचा खडा तोंडात टाकला होता.

तुर्फा थोडी शिकलेली, घरात वाचता येणारी तीच. म्हणून यंदा घराची राइद ती झाली. कळपाच्या पुढे जाऊन चारा-पाणी बघून येणारा माणूस, तो राइद. पूर्वी तो गाढवावर जायचा, पुढे पिकअपने जायला लागला. जाऊन आला की मूठभर गवत उपटून आणायचा आणि घरातल्या म्हातारीच्या ओंजळीत ठेवायचा. ते त्याचं बोलणं. राइद घरच्यांशी खोटं बोलत नाही, हे त्या मुलखातलं पोरसुद्धा दूध पिता पिता शिकतं.

तुर्फा टेकडी उतरली की तिची सासू फिद्दा रोज तेच विचारायची.

"बघितलंस का गं तुझ्या काचेत?"

"बघितलं आत्याबाई. अजून काही नाही."

"मूठ दाखव."

"मूठ कुठून दाखवू? मी गेले का कुठे?"

"तेच म्हणते मी. न जाता जाऊन येणारा राइद या डोळ्यांनी पहिल्यांदाच बघितला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच."

तुर्फाचा नवरा सत्ताम पिकअपखालून हसायचा. पिकअप नेहमी बिघडलेला, आणि तो नेहमी त्याच्या खाली. "आई, तुझा काळ गेला. आता उंटसुद्धा आभाळात फिरतात."

हसायचा खरा, पण यंदा हसण्यासारखं काही नव्हतं. शरदातला पहिला पाऊस आला नाही. हिवाळ्यात एकदा पडला तो पलीकडे, डोंगरांच्या बाजूला. मेंढ्या व्याल्या, पण कासा सुकलेल्या. जवाच्या गोण्या तळाला आलेल्या. या वसंतात कुठेतरी हिरवं सापडलं तर कळप जगेल. नाहीतर मेंढ्या विकायच्या, तंबू गुंडाळायचा, आणि सत्तामने गावाकडच्या खाणीच्या फाटकावर शिट्टी घेऊन उभं राहायचं. हे तो बोलला नव्हता. पण एकदा दुकानात टांगलेली शिट्टी हातात घेऊन बघताना तुर्फाने त्याला पाहिलं होतं.

२

तुर्फाला सवत होती. तिने ती कधी बघितली नव्हती.

वस्मिया तिचं नाव. पहिल्या पावसात जन्मली म्हणून पहिल्या पावसाचंच नाव ठेवलेलं. या घराची राइद ती होती. बाईने राइद व्हायचं म्हणजे लोक नाकं मुरडायचे, पण तिच्या मुठीत जे गवत यायचं ते बघितल्यावर नाकं आपोआप सरळ व्हायची. आणि मग एका वसंतात ती पूर्वेकडे गदीरला चारा बघायला गेली. गदीर म्हणजे खोलगट मैदान, डोंगराचं पाणी येऊन साचतं तिथे. त्या दिवशी इकडे ऊन होतं आणि तिकडे डोंगरात पाऊस कोसळला. वादीला, तिथल्या कोरड्या ओढ्याला, लोंढा आला. गाढव सापडलं. ती नाही सापडली.

न परतलेल्या राइदचं सुतक धरायचं नाही, अशी तिथली रीत. तो यायचाच असतो. म्हणून वस्मियाचा चहाचा पेला फिद्दाने पेटीत उपडा ठेवला, आणि तो तसाच होता. दोन वसंत वाट बघितली, मग लोकांच्या बोलण्याला कंटाळून सत्तामने तुर्फाशी लग्न केलं.

मेलेली म्हणावी तर मेलेली नाही, आणि जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. सत्ताम तिचं नावही काढत नसे. काढलं असतं तर तुर्फाने काहीतरी उत्तर दिलं असतं. त्याचं गप्प बसणं मात्र तंबूत तिसऱ्या माणसासारखं वावरायचं.

आणि तो पडदा. पुरुषांची बैठक आणि बायकांची बाजू यांच्या मधे टांगलेला लोकरीचा मोठा पडदा वस्मियाने विणलेला. काळा, पांढरा आणि दोन बोटं लाल. तुर्फा ज्या बाजूला निजायची, तिथे पडद्याच्या खालच्या कडेला एक वेत विणकाम राहून गेलेलं होतं. दोरे नुसतेच लोंबायचे.

"आत्याबाई, हे मी विणून पुरं करू का?" तुर्फाने नवी असताना विचारलं होतं.

फिद्दा जमीदचे, सुकवायच्या दह्याचे, गोळे उन्हात मांडत होती. तिने मानही वळवली नाही. "ज्याचं विणकाम त्याच्या हातचं. आल्यावर करील ती."

तो दिवस आणि आजचा दिवस, तुर्फाने त्या दोऱ्यांना हात लावला नव्हता. पण रोज निजताना ते तिच्या गालाला लागायचे.

३

आणि एका सकाळी चित्रात हिरवं उतरलं.

तुर्फाने आधी फोन पुसला. मग ओढणी डोक्यावरून पुढे ओढून सावली केली. हिरवं तसंच. पूर्वेला, दगडांच्या रानापलीकडे, हिरवा रंग सांडल्यासारखा मोठा डाग. कळपाला महिनाभर पुरून उरेल असा. आनंदाने तिने खाली हाक मारायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

तो गदीर होता.

मागच्या वसंतात सत्ताम एकटाच तिकडे गेला होता. "पाणी बघून येतो" म्हणाला, आणि दोन मुक्काम करून आला. पाणी नव्हतंच. पण आला तेव्हा त्याच्या अंगरख्याला रानातल्या दवण्याचा वास होता, आणि चेहरा असा निवलेला की तुर्फाने इतक्या दिवसांत कधी बघितला नव्हता. त्याने रोटी मागून घेतली, पोटभर खाल्ली, आणि पडद्याकडे तोंड करून झोपला.

आता गदीर हिरवा झाला म्हणजे सगळा वसंत तिथेच जाणार. तो रोज त्या वादीच्या काठावर बसणार, आणि ती त्याला ताक नेऊन देणार.

तेवढ्यात तिला दुसरं दिसलं. डागापासून तुटून, अलीकडे, दगडांच्या रानात, जिथे माती नाही की ओल नाही, तिथे एक हिरवा चौकोन होता. एकच. चारही बाजूंनी काळं, आणि मधे तो. एका तंबूएवढा.

जुना तळ असेल, ती मनाशी म्हणाली. जिथे तंबू असतो तिथे मेंढ्यांच्या लेंड्या पडतात, आणि तळ उठल्यावरही तिथे आधी फुटतं. हे तर लहान पोरालाही ठाऊक. पण दगडांच्या रानात तंबू ठोकतो कोण? खुंटी कुठे मारणार?

"दिसलं का काही?" खालून सत्तामने विचारलं. हातात पाना, कपाळावर काळं तेल.

"दिसलं," ती म्हणाली. तिचाच आवाज तिला लांबून ऐकू आला. "उत्तरेच्या टेकाडांमागे. फिकट आहे, पण आहे."

"आणि गदीर?"

त्याने फार सहज विचारलं. तेच तिला झोंबलं.

"सुका. भाकरीसारखा करपलेला."

सत्तामने पूर्वेकडे एकदा पाहिलं. मग पाना पिकअपच्या टपावर ठेवून हसला. "बघ, माझी राइद!" तो म्हणाला.

त्याच्या तोंडून 'माझी' ऐकायला तुर्फाने तीन वसंत कान टवकारले होते. मिळाला तो असा.

पडद्यामागून फिद्दाचा आवाज आला, "मूठ?"



४

उत्तरेला फिकट हिरवं होतं हे खोटं नव्हतं. पण ते कसलं, हे तुर्फाला ठाऊक होतं. खारट पाण्याच्या काठची झुडपं ती, मेंढी तोंड लावून मागे सरते. तिने स्वतःला समजावलं, अर्धं खोटं म्हणजे खोटं नव्हे. आणि राइदची रीत जाऊन येणाऱ्याला. जो गेलाच नाही, ज्याच्या मुठीत काही आलंच नाही, त्याला ती कशी लागू होईल? काच बोलली, मी सांगितलं. काचेला काय शपथ?

सत्ताम अर्धा कळप पिकअपमधून खेपा करून घेऊन गेला. परत आला तेव्हा मागच्या फळीवर कोकरं आडवी होती, पोटं फुगलेली. भुकेपोटी त्यांनी खारट पाला खाल्ला होता. तो तिच्यावर रागावला नाही. एकेक कोकरू उचलून खाली ठेवत राहिला, झोपलेलं मूल ठेवावं तसं.

"चित्र चुकतं कधी कधी," तो म्हणाला. "तुझा काय दोष."

फिद्दा तंबूच्या तोंडाशी बसून बघत होती. "पूर्वी आम्ही तळ हलवला," ती कुणालाच उद्देशून नाही अशी बोलली, "की चुलीपाशी तीन दगड ठेवून जायचो. ज्या बाजूला गेलो त्या बाजूला तोंड करून. मागे राहिलेल्याला कळावं कुठे गेलो ते. चोरासाठी ठेवायचो, भांडून गेलेल्यासाठीसुद्धा ठेवायचो. फक्त खोट्या राइदसाठी नाही ठेवायचो."

"आता सगळ्यांकडे फोन आहेत, आत्याबाई."

"हो ना. आता दगड कोण उचलतं."

दुसऱ्या दिवशी तुर्फा टेकडीवर चढली तेव्हा नवं चित्र आलं होतं. गदीर अजून हिरवा झालेला. आणि तो चौकोन जिथे होता तिथे काळं. तिला हायसं वाटलं. वाळलं. बरं झालं.

मग तिने चित्र जरा सरकवलं.

चौकोन अलीकडे होता. कळप घेऊन निघालेला माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत जितका चालेल, बरोबर तितका अलीकडे. कोरड्या विहिरीपाशी. गदीरकडून घरी येताना पहिला मुक्काम तिथेच करतात.

५

तिने रनदला फोन लावला. पलीकडे गाड्यांचे भोंगे, आणि रनद काहीतरी खात होती.

"चित्रात हिरवं हलतं का गं?"

"हलतं म्हणजे?"

"म्हणजे इथलं तिथे जातं का?"

"गवत काय मेंढ्यांच्या मागे चालतं का तुर्फा?" रनद हसली. "ढगाची सावली असेल. कधी कधी चुकीचा ठिपका येतो. एकच चौकोन आहे ना? सोडून दे. मोठा डाग बघ. यंदा गदीर काय सुंदर फुटलाय! तुम्ही अजून गेला नाहीत? मी नवऱ्याशीच बोलू का तुझ्या?"

"नको," तुर्फा म्हणाली. "आम्ही निघालोच आहोत."

आता दोन खोटी झाली.

पुढच्या चित्रात चौकोन वादीच्या वळणावर होता. त्याच्या पुढच्यात मोडक्या कुंडापाशी. मागची जागा दर वेळी काळी, जणू तिथे काही नव्हतंच. मुक्काम करत, न चुकता, पण सावकाश येत होता. ज्याला घाई नाही त्याची चाल ती. ज्याला ठाऊक आहे की घर कुठे जात नाही.

तुर्फाची पाचावर धारण बसली. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा जळफळाटच जास्त होता. मी इथे धारा काढते, याच्या आईचे टोमणे खाते, मेलेली कोकरं पुरते. आणि ती? ती नुसती येते. चालत येते, आणि पावलाखाली हिरवं फुटतं. माझ्या पावलाखाली काय फुटतं? भेगा.

घरातही काहीतरी बदललं होतं. दुपारी फिद्दा मान उंच करून हवा हुंगायची. "ओल्या मातीचा वास येतोय."

"कुठली ओली माती? नाकात धूळ आहे सगळी."

"तुझ्या नाकात असेल."

सत्ताम पिकअपचं काम सोडून उभा राहायचा, पूर्वेला तोंड करून. तुर्फाने विचारलं तर म्हणायचा, काही नाही. एकदा तिने त्याच्या समोर उभं राहून बघितलं. त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली. उंबरठ्यावर आलेल्या माणसाकडे बघावं तशी.

आणि एके दिवशी तिने चहाची पेटी उघडली, तर वस्मियाचा पेला सुलटा होता.

"आत्याबाई, पेला तुम्ही उलटला?"

"नाही बाई."

"मग?"

"धुवून ठेव," फिद्दा म्हणाली. "धूळ बसली असेल."

तुर्फाने पेला परत उपडा केला आणि वर साखरेचा डबा ठेवला. जड डबा.

६

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी वारा पडला होता. दुपारचं ऊन. मेंढ्या सावली नाही म्हणून एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या. तुर्फा दुपारीच टेकडीवर गेली, कारण सकाळचं चित्र अर्धंच उतरून अडकलं होतं.

ते आता पुरं उतरलं. चौकोन कुंडापाशी नव्हता. वाटेवरही नव्हता. तिने चित्र सरकवलं, परत सरकवलं. कुठेच नाही. गेला!  मग सवयीने आपल्या तळावर बोट ठेवलं, जवळून बघायला.

जिथे त्यांचा काळा तंबू दिसायला हवा, तिथे हिरवा चौकोन होता.

ती टेकडीवरून अर्धी घसरत, अर्धी पळत उतरली. तंबूभोवती फिरली. जमीन होती तशीच, करडी, भेगाळलेली. खुंट्या, दोर, राखेचा ढीग. एक पान नाही. चुकीचा ठिपका, तिने मनाशी म्हटलं. रनद म्हणालीच होती.

ती बायकांच्या बाजूने आत शिरली. आत कुणी नव्हतं. आणि तेवढ्यात पडद्यापलीकडे, पुरुषांच्या बाजूला, कॉफी कुटायचा आवाज सुरू झाला.

लाकडी उखळात सत्ताम कॉफी कुटत होता. एकट्यासाठी कुणी असं कुटत नाही. दोन ठोके आत, एक कडेला, मधेच ताल लांबवायचा, म्हणजे दूरच्या माणसालाही कळावं की तंबूत पाहुणा आलाय. पण गाडी आली नव्हती. कुत्रा भुंकला नव्हता.

कुटणं थांबलं. मग सत्तामचा आवाज.

"पाणी?"

मधे काहीच नाही. मग तो म्हणाला, "अच्छा."

"चारा?"

परत शांतता. पण रिकामी नाही. कुणीतरी सावकाश, बारकाईने सांगत असावं एवढी लांब. आणि शेवटी सत्ताम हसला. हे हसू तुर्फाने कधी ऐकलं नव्हतं. पिकअपखालून हसायचा ते हे नव्हतं. पोटातून, निवांत, घरच्या माणसापाशी हसतात तसं.

"आणि वाट?"

तुर्फा गुडघ्यांवर बसली. जमिनीला गाल लावून तिने पडद्याच्या खालच्या कडेपाशी डोळा नेला. तिथे दोरे लोंबायचे, तिथून पलीकडचं दिसायचं. पण दोरे नव्हते. पडदा जमिनीपर्यंत विणलेला होता. घट्ट. लोकर अजून नवी, थोडी ओलसर.

तिने तो बोटाने जेमतेम उचलला.

दोन पावलं दिसली. अनवाणी. बोटांच्या मधे लाल चिखल, गदीरचा, ओला. वरती घागऱ्याची कड, तिच्यातून पाणी ठिबकत होतं, आणि जिथे थेंब पडत होता तिथली माती काळी झालेली. मग वरून एक हात खाली आला, फिद्दाच्या मांडीकडे. मूठ मिटलेली. मूठ उघडली.

तुर्फाने पडदा सोडला.

७

बऱ्याच वेळाने ती बाहेरून वळसा घालून पुरुषांच्या बाजूला गेली. तिथे दोघंच होती. सत्ताम चुलीपाशी, फिद्दा उशीला टेकून. फिद्दाच्या मांडीवर मूठभर खुब्बेजा होती, गोल पानांची रानभाजी. मुळांना माती, पानांवर पाणी. चुलीपाशी तीन पेले मांडलेले. तिसरा कुणाचा हे तुर्फाला लांबूनच कळलं. त्यातून वाफ येत होती.

"कुणी आणली ही?"

"राइदने," फिद्दा म्हणाली. म्हातारीच्या आवाजात तिरकस काही नव्हतं, हेच भयंकर होतं. ती एकेक पान खुडून तोंडात टाकत होती, डोळे मिटून.

"कोण राइद? राइद मी आहे!"

सत्तामने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर तुर्फाने त्याचे पाय धरले असते. राग नव्हता. दुरून आलेल्या, वाट चुकलेल्या बाईशी बोलतात तसा तो अदबीने बोलला.

"हो तर. मग तू टेकडीवर जाऊन ये. बघून सांग, गदीर हिरवा आहे का. तू सांगशील ते."

एवढंच. एवढी सोपी गोष्ट. 'हिरवा आहे, मीच खोटं बोलले,' हे तिथेच उभ्या उभ्या म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर होते. पण तिची नजर तिसऱ्या पेल्यावर गेली, आणि काळजात तेच चरचरलं.

ती टेकडीवर गेली. फोन तोंडापुढे धरला. चित्र वरून खाली उतरू लागलं, आणि तिने मनात वाक्यं जुळवायला घेतली. ढग आलेत म्हणावं. नीट दिसत नाही म्हणावं. उद्या बघू म्हणावं. उद्यापर्यंत ही खुब्बेजा वाळेल, आणि वाळलेल्या मुठीवर कोण विश्वास ठेवतं?

गदीर उतरला. हिरवागार.

"ढग आलेत!" तिने खाली वळून हाक मारली.

खाली तंबू नव्हता.

मेंढ्या नव्हत्या, पिकअप नव्हता, कुत्रा नव्हता. एवढा तळ उठवायला दोन माणसांना अर्धा दिवस लागतो, आणि तिने काही ऐकलं नव्हतं. दोर सोडल्याचा नाही, पिकअपचा नाही. तंबूच्या जागी, तंबूच्याच मापाची, कोपऱ्याला कोपरा जुळवून, घोट्याएवढी खुब्बेजा उभी होती. ती उतरून तिथे गेली. चुलीच्या राखेतून पानं वर आली होती. खुंट्यांची भोकं बुजून गेलेली. जणू हा तळ उठून कितीतरी पाऊस झाले.

ती चुलीभोवती फिरली. गुडघ्यांवर रांगत पानं बाजूला करून बघितली. तीन दगड कुठेच नव्हते.

लांब, पूर्वेला, उन्हात धूळ होती. धुळीच्या पुढे मेंढ्या, आणि मेंढ्यांच्याही पुढे कुणीतरी चालत होतं. बाई. तिच्या चालीत घाई नव्हती.

८

तुर्फा मागे निघाली. दगड नसतील तर नसोत, माग तरी होताच.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. धूळ पुढेच राहिली, ना जवळ येईना ना विरून जाईना. तिने हाका मारल्या. सत्तामला, मग आत्याबाईला, शेवटी तिलासुद्धा, जिला आजवर नावाने कधी हाक मारली नव्हती.  फोन बंद पडला तेव्हा तिने तो ओढणीत बांधला.

त्या मोडक्या कुंडापाशी दगडांची थोडी सावली होती. पाय उचलेनात, म्हणून ती तिथे आडवी झाली. थोडं पडते, मनात म्हणाली. पडल्या पडल्या ती हिशेब करत होती, माणसं करतात तसा: तंबू ठोकला असेल. पडदा टांगला असेल. ती माझ्या जागी निजली असेल. पण जागा माझी कधी होती? पडदा तिचाच. पेला तिचाच. हसू तिचंच. माझं त्या घरात काय होतं? आभाळातून दिसणारं एक चित्र. तेही मी खोटं केलं.

डोळा लागला.

जाग आली ती पाठीला गार लागलं म्हणून. ऊन तसंच होतं, दगड तसेच तापलेले. तिने हात मागे नेला. ओलं. ती उठून बसली आणि मागे वळून बघितलं.

जिथे ती निजली होती तिथे, तिच्या उंचीएवढं, डोक्यापाशी अरुंद आणि खांद्यांपाशी रुंद, हिरवं फुटलं होतं. गोल पानं. पानांवर पाणी. चारही बाजूंनी काळा दगड.

तुर्फा बराच वेळ बघत राहिली. ओरडली नाही. ओरडावंसं वाटलंही नाही. तिला एवढंच वाटलं की घशात इतके दिवस अडकलेलं काहीतरी आता पायांत उतरलं आहे, आणि पाय हलके झाले आहेत. घाई कसली? मुक्काम तर ठरलेलेच आहेत. कुंड, वळण, विहीर. घर कुठे जात नाही.

तिने वाकून मूठभर खुब्बेजा उपटली, मुळांसकट. माती झटकली नाही. मूठ मिटली.

आत्याबाईंना मूठ हवी होती ना.

ती पूर्वेला चालू लागली, सावकाश, अनवाणी. चपला कधी सुटल्या ते तिला आठवेना.